खाली आहे

दगडाला इजा न करता त्याची ताकद सांगायची, हे माझं पोटापाण्याचं काम. असं सांगितलं की लोकांना वाटतं मी भविष्य सांगते. एका लग्नाच्या पंगतीत दूरच्या एका आत्यांनी विचारलं होतं, "मग दगडाची पत्रिका कोण आणून देतं गं तुला?" सगळी पंगत हसली. मी हसले नाही. माझं डोकं तसं लवकर तापतं, आणि ग्वाल्हेरची हवा त्याला काही मदत करत नाही.

माझ्याकडे एक हातोडा आहे. दिसायला तो हातोडा नाहीच, जाडजूड नळी आहे. तिचं टोक दगडावर टेकवून दाबलं की आतली स्प्रिंग सुटते, आतलं वजन आपटतं आणि मागे उसळतं. किती उसळलं, तो आकडा बाजूच्या पट्टीवर दिसतो. कडक दगड ठोसा परत करतो, मऊ दगड गिळून टाकतो. दुसरं यंत्र म्हणजे वायर जोडलेल्या दोन गोल डब्या. एक डबी दगडात ठोका सोडते, दुसरी पलीकडे तो झेलते. आपल्या कानाला यातलं काही ऐकू येत नाही. वाटेत भेग असली की ठोक्याला वळसा पडतो आणि तो उशिरा पोचतो. उशीर वाढत गेला तर भेग वाढतेय असं समजायचं. बस्स, एवढंच. यात ना पत्रिका, ना ग्रह.

हे सगळं मी गावभर करून दाखवलं आहे. धरणांवर, खाणींत, पुलांच्या पायाशी. माझ्या सख्ख्या बहिणीच्या स्वयंपाकघरात करायची वेळ येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

ताईचं घर किल्ल्याच्या डोंगराला टेकून होतं. टेकून म्हणजे अक्षरशः. जिजाजींनी ते बांधलं तेव्हा हात आखडता होता, म्हणून स्वयंपाकघराला त्यांनी मागची भिंत घातलीच नाही. डोंगराचा कातळ होता तोच भिंत. वरच्या मजल्यावर भाचीची खोली, तळाला बैठक आणि हे स्वयंपाकघर. मे महिन्यात सगळं शहर भाजून निघायचं तेव्हा ताईच्या कातळाला पाठ लावून बसलं की अंगावर शहारा यायचा. जिजाजी गेल्यावर ती दुपारी तिथेच चटई टाकून पडायची. "ह्यांनी भिंतीचा खर्च वाचवला आणि मला कूलर दिला," असं सांगायची.

ताई माझ्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे माझ्या वेण्या तिनेच घातल्या आणि माझा मारही तिनेच खाल्ला. लहानपणी लाइट गेली की मी जिथे असेन तिथे डोळे गच्च मिटून ओरडायची, "ताई, मला भीती वाटते!" ती हातातलं टाकून यायची. दहा वेळा हाका माराव्या लागल्या, असं कधी झालं नाही. पुढे मी शिकले, साहेबीण झाले, आणि हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. हुद्द्याला शोभत नव्हतं.

सुरुवात पोळीपासून झाली. श्रावण संपत आला होता. प्रयोगशाळेतून परतताना मी ताईकडे जेवायला थांबले आणि पहिल्याच घासाला दाताखाली कचकच लागली.

"चक्कीवाल्याने दगडांना नवी टाकी लावून घेतली असेल, त्याचीच रेती," ताई म्हणाली. "कालपासून लागून राहिलंय. तू चुपचाप जेव."

दुसऱ्या पोळीलाही तेच. मी पोळपाटावर बोट फिरवलं. बोटाला पिवळसर रेती लागली. मग वर पाहिलं. स्वयंपाकघराचं छत जिथे कातळाला भिडत होतं तिथून बारीक धार पडत होती, चाळणीतून पीठ पडावं तशी. पीठ चक्कीचं होतं, कचकच डोंगराची होती. मी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी मी हातोडा घेऊन हजर झाले. बरोबर आमच्या प्रयोगशाळेतला मदतनीस होता, माझ्याच वयाचा, हिंदी बोलणारा, कमी बोलणारा. ताई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझ्या भिंतीला हातोडे मारायला आलीस?"

"फुटत नाही गं त्याने. फक्त बघायचंय."

"मग डोळ्यांनी बघ."

मी दगड घासून गुळगुळीत केला आणि नळी दाबली. ठोका बसल्यावर कडक दगडाचा जो टणका येतो तो आलाच नाही. भद्द असा आवाज आला आणि दगडावर चक्क खळगा पडला. आकडा इतका खाली होता की मदतनिसाने नळी उलटीसुलटी करून पाहिली. मी जागा बदलली, पुन्हा घासलं, पुन्हा दाबलं. भद्द. मग मी डब्यांना ग्रीस फासून कातळाला चिकटवल्या. ताईला राहवलं नाही.

"ही तर सोनोग्राफी झाली! दगडाला दिवस गेलेत की काय?"

मदतनिसाला मराठी येत नव्हतं, पण माझा चेहरा पाहून तोही हसला. मी दोघांवर खेकसले. यंत्रावरचा आकडा मला अजिबात आवडला नव्हता.

मग आम्ही मागच्या पायवाटेने कड्यावर चढलो. तिथे सगळं उलट. ताईच्या छताच्या बरोबर वर एक शिळा पुढे आलेली होती, मोठ्या टेम्पोएवढी. तिच्यावर हातोडा दाबला की नळी हातातून उडेल असा दणका. "मैडम, यह तो लोहा है," मदतनीस खूश होऊन म्हणाला. लोहाच होता. आमच्या डोंगराची हीच गंमत आहे: डोक्यावर कडक वालुकाश्म आणि त्याच्या पायाशी पापुद्रे सुटणारा मऊ दगड. पाऊस पायाचं खात जातो आणि डोकं अधांतरी राहतं. शिळेच्या पाठीमागे गवतात लपलेली एक भेग होती. माझा तळहात तिच्यात उभा गेला. आतली हवा गार होती.

मी भेगेवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. दगड केसाएवढा जरी हलला तरी काच तडकते. हा जुना, साधा उपाय आहे आणि तो खोटं बोलत नाही.

त्या दिवसापासून मला झोप लागेना. हरिशंकरपुरममध्ये माझ्या घरी मी कूस बदलत पडायची आणि दुधवाल्याच्या सायकलची घंटा वाजली की उठून स्कूटर काढायची. ताईच्या गल्लीत शिरताना आधी मान वर करून शिळा पाहायची, मग खिडकीत ताई. दोन्ही जागेवर असल्या की श्वास सोडायची.

"ताई, माझ्याकडे चल. घर मोठं आहे, तळमजला तर नुसता पडलाय."

"कशासाठी? किल्ला पडलाय का आजपर्यंत? आपली माणसं फौजेबरोबर आली आणि ह्याच डोंगराखाली तंबू ठोकून राहिली, म्हणून आपण लोक इथे आहोत."

"तंबू उचलून दुसरीकडे नेता येतो!"

"तू ना, फालतूचं टेन्शन घेते आणि देते पण. चाय पिऊन घे."

मी तिला आकडे सांगायची. हातोड्याचे, डब्यांचे, वरचे, पायाचे. कागदावर शिळेचं चित्र काढून बाण दाखवायची. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "बरं. आणि भाजी कशी झालीय?" मला इतका संताप यायचा की वाटायचं, हिला खांद्यावर टाकून न्यावं. भाची जयेंद्रगंजला एका ऑफिसात नोकरीला होती. ती मला जिन्यात गाठून कुजबुजायची, "मावशी, आई ऐकतच नाहीये. मैंने तो हाथ जोड़ लिए."

एका सकाळी वर चढले तर एक काच तडकलेली. दुसरीचा तुकडा भेगेत पडलेला. मी तिथेच खाली बसले. मग सरकारी इंजिनिअरला फोन लावला.

तो तरुण होता, पण गंभीर. सगळे आकडे त्याने दोनदा पाहिले. सुरुंग लावायचा प्रश्नच नव्हता. हादऱ्याने आणखी काय काय सुटलं असतं कोण जाणे. त्याने ठरवलं की शिळेला लोखंडी दोराने मागच्या कातळाला बांधायचं, भेगेत जॅक बसवायचा आणि हळूहळू दाब वाढवत वरून एकेक ढलपा सोडवून घ्यायचा. तेवढे दिवस घर रिकामं हवं. दारावर नोटीस लागली: घर तत्काळ खाली करें.

ताईने चष्मा लावून ती मोठ्याने वाचली. "खाली करा म्हणे! आधीच डोंगराच्या खाली आहे, अजून किती खाली करू?"

गल्लीतली मराठी माणसं हसली, हिंदी माणसं त्यांच्याकडे बघत राहिली. पुण्याची मंडळी आमच्या ह्या बोलण्याला नाकं मुरडतात. पण आम्ही ग्वाल्हेरवाले 'खाली' हा शब्द दोन्हीकडून वापरतो. चप्पल खाली आहे म्हणजे जिन्याच्या तळाशी आहे, आणि डबा खाली आहे म्हणजे त्यात लाडू उरलेले नाहीत. ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. जन्मात कधी अडलं नाही.

ताई शेवटी निघाली. माझ्या आकड्यांमुळे नाही, पोलीस दारात उभा राहिला म्हणून. सामान टेम्पोतून माझ्याकडे आलं. गॅसची शेगडी आणि चार भांडी तेवढी तिने राहू दिली. "शेवटच्या दिवशी चाय तर लागेल," म्हणाली. मी हो म्हटलं. ती निघतेय हेच खूप होतं.

कामाच्या दिवशी सकाळपासून मी कड्यावर होते. शिळेच्या दोन बाजूंना डब्या चिकटवलेल्या, आकडा डोळ्यांसमोर. जॅकच्या दांड्याशी एक दणकट मजूर, त्याच्या शेजारी इंजिनिअर, मागे दोर सांभाळणारे आणखी काही जण. माझा मदतनीस यंत्राची बॅटरी पाहत होता. ताई शेवटचा चाय करून घराबाहेर पडणार होती, आणि भाचीला गल्लीच्या तोंडाशी उभं केलं होतं. काम सुरू करण्याआधी तिने घर पाहून मला फोन करायचा, असं ठरलं होतं.

इंजिनिअरने माझ्याकडे पाहिलं. भाचीचा फोन आलेला नव्हता, म्हणून मीच लावला. कड्यावर रेंज धड नाही. खरखर, मग तिचा आवाज.

"घर बघितलंस?" मी विचारलं.

मध्येच काहीतरी तुटलं. मग स्पष्ट ऐकू आलं, "...खाली आहे, मावशी."

"खाली आहे ना? नक्की?"

"हो ना, खाली आहे!"

मी अंगठा वर केला. मजुराने दांडा दाबला.

पहिल्या दाबाला काही झालं नाही. दुसऱ्या दाबाला दगडातून कण्हल्यासारखा आवाज आला आणि यंत्रावरचा आकडा उडी मारून पुढे गेला. एक ढलपा सुटायच्या ऐवजी सबंध शिळाच हलली होती. दोर ताणून सणसणला. "रुको!" इंजिनिअर ओरडला. सगळे जागच्या जागी थिजले, आणि त्या शांततेत पायथ्याकडून एक आवाज वर आला.

कुकरची शिट्टी.

ताईच्या कुकरची शिट्टी मी शंभर कुकरांत ओळखेन. दाना ओलीतल्या एका दुकानातून तिने ती दुरुस्त करून आणली होती, तेव्हापासून ती खोकून मग वाजायची. आधी खोकला आला, मग शिट्टी.

मला एका क्षणात सगळं कळलं. भाचीने आई कुठे आहे ते सांगितलं होतं. घर रिकामं आहे असं नाही. आई खाली आहे. तळमजल्यावर. स्वयंपाकघरात.

"नीचे मेरी बहन है!" मी किंचाळले.

इंजिनिअरचा चेहरा पांढरा पडला. तो मजुराला म्हणाला, "हैंडल मत छोड़ना. न ऊपर, न नीचे." दाब सोडला असता तर शिळा कुठल्या बाजूला बसेल ह्याचा भरवसा नव्हता. मजूर दोन्ही हातांनी दांडा धरून राहिला. त्याच्या मानेवरच्या शिरा मला दिसत होत्या. आकडा थांबला नव्हता. मी नजर वळवून परत आणली की तो थोडा पुढे गेलेला असायचा. दगड कुणालाही न विचारता उघडत होता.

मी फोन लावला, लागेना. मदतनीस पायवाटेकडे धावला, पण ती वाट लांबची होती, मला माहीत होतं. मी कड्याच्या बाजूने पोटावर आडवी झाले आणि खाली वाकून ओरडले, "ताई! बाहेर नीघ!"

छताच्या फटीतून तिचा आवाज आला. शांत, थोडा चिडका.

"अगं, दोन शिट्ट्या झाल्यात. तिसरी होऊ दे!"

"ताई, रीडिंग वाढतंय! शिळा सुटलीय!"

"हो गं, आले. वर एवढी माणसं उपाशी काम करतायत माझ्यासाठी. जरा गम खा."

मी आणखी आकडा ओरडले. खरंच ओरडले, आकडा, त्याच्या मागचा आकडा, दोन्हींतला फरक. इतक्या दिवसांची सवय. पायथ्याला झारा कढईवर आपटल्याचा आवाज आला. ती फोडणी करत होती. माझे डोळे आपोआप गच्च मिटले आणि तोंडातून जे बाहेर पडलं ते मी बोलायचं ठरवलेलं नव्हतं.

"ताई! मला भीती वाटते!"

आवाज बंद झाले. झारा खणकन जमिनीवर पडला. मग बाजूचं दार उघडल्याचं ऐकू आलं, आणि बोळातून ताई धावत बाहेर आली. सत्तरीकडे झुकलेली बाई, पदर खोचलेला, पाय अनवाणी. कुकर मात्र फडक्यात धरून हातात होता. ती गल्लीत जाऊन उभी राहिली आणि मान वर करून मला शोधायला लागली.

"कुठे आहेस? काय झालं तुला?"

मी उत्तर देण्याआधी दोर तुटला. मजूर मागे फेकला गेला, इंजिनिअरने मला घोट्याला धरून ओढलं, आणि शिळा गेली. पडतानाचा आवाज मला आठवत नाही. त्यानंतरची धूळ आठवते. ती खाली बसली तेव्हा वरचा मजला तिरका झालेला दिसला, आणि स्वयंपाकघर होतं तिथे शिळा होती. तिच्या कडेला गॅसच्या नळीचं टोक वळवळत होतं. इंजिनिअरने सगळ्यांना लांब पिटाळलं, कुणीतरी पाण्याचा मारा केला, आणि नशिबाने आग लागली नाही.

मी गल्लीत पोचले तेव्हा भाची रडत होती. "मावशी, मी सांगितलं ना, आई खाली आहे! तरी तुम्ही लोक..."

"मला वाटलं घर खाली आहे!"

कुणाचं चुकलं होतं? ती शुद्ध मराठी बोलली होती आणि मी चांगलं हिंदी ऐकलं होतं.

ताईने कुकर शेजाऱ्यांच्या ओट्यावर ठेवला होता. ती माझ्या केसांतली धूळ झटकायला लागली. मला तिच्यावर ओरडायचं होतं. गेले कित्येक दिवस साठवलेलं सगळं ओरडायचं होतं. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, रस्त्यात, इंजिनिअरसमोर, मजुरांसमोर.

"घाबरली होतीस, तर आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. "महिना झाला, नुसते आकडे सांगतेस. मी काय दगड आहे, ठोकून बघायला?"



दुपारी त्या ओट्यावरच सगळ्यांनी वरणभात खाल्ला. भाताला कणी राहिली होती, तिसरी शिट्टी झाली नव्हती ना. फोडणी शिळेखाली गेली होती. दांडा धरून बसलेल्या मजुराने दोनदा मागून घेतलं. ताई त्याला वाढताना मला हळूच म्हणाली, "माणसं उपाशी होती हे खरं. पण मला त्या कातळाजवळ एकदा शेवटचा कुकर लावायचा होता गं." मग तिने डोळ्यांना पदर लावला. मी तिच्या पानात लोणचं वाढलं.

आता ती माझ्याकडे असते. तळमजला तिचा, वरचा मजला माझा. इथल्या विटांच्या भिंती तिला आवडत नाहीत. उन्हाळ्यात तापतात म्हणते, ते खरंच आहे. रिकाम्या डब्याला ती आता मुद्दाम 'रिकामा' म्हणते, तेही पुण्याच्या थाटात, नाक वर करून, मला चिडवायला. मी चिडते. पण संध्याकाळी कामावरून येऊन मी वर जाते, जिन्यातून हाक मारते, "ताई, कुठे आहेस?" आणि ती ओरडते, "खाली आहे!"

मी पायऱ्या उतरून बघून येते. रोज.